प्लग फिरतोय, कारण तो गिलाव्यातच अडकलाय

फळीचा स्क्रू पिळला की भिंतीच्या भोकात बसवलेला, स्क्रू धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्लगच गरगर फिरतो, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या प्रतिसादात कुणीतरी भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबायला सांगितल्यात. कृपा करून तसं करू नका, वजन आलं की काड्या चुरतात आणि फळी पुन्हा झुकते.

गिलावा साधारण १२ ते २० मिमी जाड असतो. प्लग ३० मिमीचा असेल तर त्याचा बराचसा भाग त्या भुसभुशीत थरातच राहतो. जुना प्लग पक्कडीने ओढून काढा. ड्रिलच्या १० मिमीच्या बिटने तेच भोक ६० मिमी खोल करा. खोली कळायला बिटवर चिकटपट्टी गुंडाळा. गिलाव्यातून जाताना ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर तोंडाशी खपली उडते. लाल भुकटी दिसली की वीट लागली, मग हॅमर सुरू करा. बिट एकदम आत धसलं तर पोकळ ब्लॉक आहे, तिथे हा प्लग धरणार नाही.

भोकातली धूळ नीट काढा, हे बहुतेकजण विसरतात. मग ५० मिमीचा प्लग विटेपर्यंत आत ठोका आणि त्याला साजेसा, फळीच्या ब्रॅकेटची जाडी धरून किमान ६० मिमीचा स्क्रू हातानेच आवळा.