आईला ‘कृपा’ कशी समजावू? मदत हवी आहे

सर्वांना सलाम. माझी आई ७४ वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने तिला चर्चमध्ये उपासनेला जाता आलं नाही, दशांशही (मिळकतीचा दहावा भाग चर्चला देणं) राहिला. तेव्हापासून एकच घोकते, “देव माझ्यावर रागावलाय.” उपास चुकला की रात्रभर जागी. (शुगर आहे, उपास नको, हे डॉक्टरांनी दहादा सांगून झालंय!)

मी बायबलमधलं इफिसकरांस २:८-९ वाचून दाखवलं: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. गलतीकरांस ५:१ सुद्धा: ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलंय, पुन्हा दास्यात अडकू नका. तिचं उत्तर, “म्हणून काय कसंही वागावं का?” इथे माझी बोलती बंद. मग पंडिता रमाबाईंचं सांगितलं. बाप्तिस्मा १८८३ साली, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त सापडायला पुढं कित्येक वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते ऐकून मात्र आई गप्प झाली, चष्मा काढून बसली.

आता पुढं काय वाचू? लूक १५ मधला, उधळ्या मुलाच्या दाखल्यातला, बापाची इतकी वर्षं चाकरी केली म्हणून रुसणारा थोरला मुलगा, की रोमकरांस ६? तिच्या “कसंही वागावं का?” या प्रश्नाला पौल (ही पत्रं लिहिणारा प्रेषित) रोमकरांसमध्येच उत्तर देतो, पण ती भाषा तिला जड जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांशी कुणी हे बोललंय का, कसं? पाळकसाहेबांना घरी बोलवावं, तर ती आधी दशांशाचं पाकीट शोधत बसेल.