खोक्यावरचा आकडा आणि नायट्रस किटचा दर्जा

रेंचधारी:

‘चांगली नायट्रस सिस्टम कशी निवडावी’ हा चौथागिअर यांचा लेख काल वाचला. (नायट्रस सिस्टम म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून ताकद वाढवणारी यंत्रणा.) त्यातले तीन नियम असे: ज्या खोक्यावर हॉर्सपॉवरचा सर्वांत मोठा आकडा छापला आहे ते किट घ्यावे, नामांकित कंपनीचेच घ्यावे, आणि जोडणीची धास्ती बाळगू नये, कारण ते रविवारच्या दुपारचे काम आहे. लेखाखाली वाहवा करणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तो आकडा किटचा नसतोच, जेटचा असतो. किती गॅस सुटेल हे ठरवणारा, मधोमध भोक असलेला पितळेचा तो तुकडा बोटाच्या पेरावर मावतो आणि त्याच्या भोकाचे माप इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. त्याच नळीवर लहान जेट लावला की पन्नास हॉर्सपॉवर, मोठा लावला की दीडशे. नायट्रसमध्ये वजनाने सुमारे 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23 टक्के. ज्वलनकक्षात तापमान सुमारे 300 अंशांच्या पुढे गेले की रेणू फुटून तो मोकळा होतो, आणि त्याच्या जोडीला पुरेसे पेट्रोल आले नाही तर त्याची किंमत पिस्टन मोजतो. म्हणून माझी कसोटी एकच आहे: पेट्रोल कमी पडले तर हे किट आपणहून नायट्रस बंद करते का? इंधनाचा दाब घसरताच सर्किट तोडणारा स्विच, थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय गॅस सुटू न देणारा स्विच, आरपीएमची (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची) खालची आणि वरची मर्यादा राखणारा विंडो स्विच, सोलेनॉइडच्या (गॅस सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) आधीचा जाळीदार फिल्टर, हे सारे खोक्यात आहे की ‘वेगळे घ्यावे’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे, ते आधी पाहावे.

माझ्या पहिल्या किटमध्ये इंधनदाबाचा स्विच होता, पण ‘पुढच्या आठवड्यात बसवू’ असे म्हणत तो डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहिला. पेट्रोलचा फिल्टर अर्धा तुंबला होता. एरवी गाडी चालवताना ते जाणवत नव्हते, शंभराच्या जेटवर तिसऱ्या गिअरमध्ये जाणवले. प्लग काढला तेव्हा बाहेरचा इलेक्ट्रोड अर्धा गळून गेला होता आणि पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरावी तसे राखाडी ठिपके होते. ते ठिपके म्हणजे माझा पिस्टन.

चौथागिअर:

आपल्या पिस्टनबद्दल वाईट वाटले. परंतु आपल्याच सांगण्याप्रमाणे कंपनीने स्विच दिला होता आणि आपण तो कप्प्यात ठेवला; मग ही कहाणी माझ्या दुसऱ्या नियमाच्या बाजूने साक्ष देते, विरुद्ध नव्हे. आकड्याबद्दलही आपण अर्धेच सांगितले आहे. जेट बदलता येतो, सोलेनॉइडच्या आतले छिद्र बदलता येत नाही. लहान सोलेनॉइडपुढे कितीही मोठा जेट लावला तरी आतून येईल तेवढाच गॅस जाणार. मोठ्या आकड्याचे किट घेऊन ते लहान जेटवर चालवावे, एवढेच मला म्हणायचे होते.

रेंचधारी:

एवढेच म्हणायचे होते तर ते लेखात का उतरले नाही? लेखात ‘लहान जेट’ हे शब्द शोधून सापडत नाहीत. नवशिका खोक्यावरचा दीडशेचा आकडा वाचेल आणि पहिल्याच दिवशी दीडशेचा जेट लावेल. दर पन्नास हॉर्सपॉवरमागे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) साधारण दोन अंश मागे घ्यावे लागते आणि प्लग एक श्रेणी थंड लावावे लागतात, हे त्याला कोण सांगणार?

कोरडाइनटेक:

दोघांनीही वेट किट, म्हणजे नायट्रसबरोबर जादा पेट्रोलही नोझलमधून सोडणारे किट, गृहीत धरले आहे, हीच मुळात चूक आहे. आजच्या गाड्यांचे प्लॅस्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) फक्त हवेसाठी घडवलेले असतात. त्यांच्या वळणांवर वेट नोझलमधले पेट्रोल हवेबरोबर वळत नाही, भिंतीला चिकटून तळाशी साचते. एका सिलिंडरला जास्त जाते, दुसऱ्याला कमी, आणि कमी आरपीएमला बटण दाबले तर मॅनिफोल्डमध्येच बार उडतो. माझ्या मित्राच्या गाडीच्या मॅनिफोल्डचे तुकडे आम्ही बॉनेटच्या आतल्या बाजूतून उपसून काढले आहेत. ड्राय किटमध्ये नोझलमधून फक्त नायट्रस येतो, जादा पेट्रोल इंजेक्टर देतात आणि साचण्याचा प्रश्नच मिटतो.

चौथागिअर:

मिटतो कसा? मूळ इंजेक्टर वरच्या आरपीएमला आधीच जवळजवळ पूर्ण वेळ उघडे असतील तर जादा पेट्रोल आणणार कुठून? इंजेक्टर, पंप आणि इसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) मॅप बदलून झाल्यावर ड्राय किट ‘साधे’ म्हणवून घेते, हा विनोद मला फार जुना वाटतो.

कोरडाइनटेक:

विनोद जुना असला तरी माझे मॅनिफोल्ड अजून अखंड आहे. पन्नास-पंचाहत्तरच्या पुढे जायचे असेल तर इंजेक्टर मोजून घ्यावे लागतात, हे मान्य करतो. त्याहून बरेच पुढे जायचे असेल तर प्रत्येक रनरला (एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीला) स्वतंत्र नोझल देणारी डायरेक्ट पोर्ट सिस्टम घ्यावी आणि हा वाद आमच्यासारख्या गरिबांवर सोडावा.

मोजपट्टी:

आतापर्यंतच्या सहा प्रतिसादांत बाटलीच्या दाबाबद्दल एक अक्षर नाही, याचे नवल वाटते. (सिलिंडर म्हटले की इंजिनाचा की गॅसचा, हा घोळ नको म्हणून मी बाटलीच म्हणतो.) जेटचे सगळे तक्ते 900 ते 1000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरून केलेले असतात. बाटली 21 अंशांवर असेल तर आत जेमतेम 760 असतो, शून्य अंशावर साडेचारशेच्या आसपास. पेट्रोलचा दाब मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे वेट किटवर थंडीत मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि उन्हाने तापलेल्या बाटलीवर तेच जेट इंजिनाला पेट्रोलवाचून उपाशी ठेवतात. बाटलीवर दाबमापक आणि थर्मोस्टॅट असलेले हीटर ब्लँकेट नसेल तर कोणत्या कंपनीचे किट घेतले याला काडीची किंमत नाही.

जुनाटब्लॉक:

मी वीस वर्षे नायट्रस वापरतो आहे आणि आजवर हीटर लावलेला नाही. शर्यतीच्या आधी तासभर डिकीचे दार उघडून बाटली उन्हात ठेवतो, घाई असेल तर कढत पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळतो. आजकाल सगळ्याला सेन्सर लागतो, हाताने चाचपून कळण्याची कला संपली. पूर्वी लोक कार्ब्युरेटर कानाने लावत असत.

मोजपट्टी:

कानाने कार्ब्युरेटर लागत असेल, तळहाताने 950 पीएसआय मोजता येत नाही. उन्हाचा हिशेबही ऐका. 36.4 अंश हे नायट्रसचे क्रांतिक तापमान आहे. त्याच्या पुढे बाटलीत द्रव असा उरतच नाही, आणि मग दाब किती चढेल हे बाटली किती भरली आहे त्यावर ठरते. म्हणूनच ती दाब बघून न भरता काट्यावर तोलून भरतात, आणि दहा पौंडांच्या बाटलीत दहाच पौंड घालतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांतल्या जीएम-1 यंत्रणेत हाच वायू वापरला गेला आणि पुढे तो उष्णतारोधक टाक्यांत थंड द्रवरूपात नेला गेला. आपण तोच वायू उन्हात वाळत घालता.

जुनाटब्लॉक:

विमानांच्या गोष्टी सांगून मला शिकवू नये. माझ्या बाटलीला काहीही झालेले नाही.

शांतसायलेन्सर:

माझ्या बाटलीला झाले आहे, म्हणून मध्ये बोलतो. बाटली भरणाऱ्याने थोडी जास्त भरली होती आणि गाडी बंद काचांनी दुपारभर उन्हात उभी होती. व्हॉल्व्हवरची सुरक्षा चकती फुटली, म्हणजे ती ज्यासाठी असते तेच तिने केले. पण तो गॅस गाडीबाहेर नेणारी नळी मी बसवली नव्हती. मी दहा पावलांवर होतो. आधी फटाक्यासारखा आवाज झाला, मग सगळ्या काचा आतून एकदम दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. दार उघडले तेव्हा गंधकाचा उग्र वास नाकात शिरला. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये कोणी तो हुंगू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड मिसळतात, त्याचा हा वास. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत श्वासाची हवा हटवतो. मी तेव्हा आत बसलेला असतो तर हे लिहायला राहिलो नसतो.

त्यामुळे किट निवडताना मी आता पहिला प्रश्न चकतीचा आणि नळीचा विचारतो. हॉर्सपॉवरचा शेवटी विचारतो.

जुनाटब्लॉक:

नळी माझ्याकडे आहे. चकती मूळचीच आहे, ती किती जुनी आहे ते पाहावे लागेल. दाबमापक घेतो, म्हणजे मोजपट्टी यांना रात्री झोप लागेल. हीटर मात्र घेणार नाही.

मोजपट्टी:

दाबमापक लावून महिनाभर आकडे लिहून ठेवा, मग हीटर आपणच मागवाल. बाटलीवर ठोकलेली चाचणीची तारीखही पाहून घ्या. वीस वर्षांत जलदाब चाचणी एकदा तरी झाली आहे ना?

जुनाटब्लॉक:

पाहतो म्हटले ना.

रेंचधारी:

चर्चा बाटलीत बुडाली असली तरी मूळ प्रश्न कायम आहे. चौथागिअर, लेख दुरुस्त करणार की नाही?

चौथागिअर:

आपल्या समाधानासाठी पहिला नियम बदलला आहे. आता तेथे ‘सोलेनॉइडची क्षमता मोठी, सुरुवातीचा जेट लहान’ असे लिहिले आहे, आणि चकती, नळी व दाबमापक यांचा चौथा नियम जोडला आहे. दुसरा नियम बदलणार नाही, कारण ज्या कंपनीचा जेटचा तक्ता, सोलेनॉइडचे रबर आणि सुटे भाग पाच वर्षांनीही मिळतात तिचेच किट घ्यावे, या मतावर मी ठाम आहे.

रेंचधारी:

दुसऱ्याबद्दल आता माझीही तक्रार नाही. आणि तिसरा? रविवारची दुपार?

चौथागिअर:

तेथे ‘शनिवार-रविवार’ केले आहे.

रेंचधारी:

इंधनदाबाचा स्विच धरून, की कप्प्यात ठेवून?