वरचं खाणं सुरू करताना तुमच्याकडे काय झालं? अनुभव सांगा

लेक मागच्या आठवड्यात सहा महिन्यांची झाली आणि मी अगदी जय्यत तयारीत होते, म्हणजे गाजर, भोपळा, सफरचंद सगळं आधीच वाफवून मिक्सरला लावून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून डब्यांवर तारखा पण टाकल्या होत्या. पहिल्या दिवशी भोपळ्याचा अर्धा चमचा तोंडात गेला, तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फसवलंय तिला, आणि जिभेने हळूच सगळा बाहेर. हनुवटीवरून थेट लाळेऱ्यात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तर ओठच उघडेनात. चार चमचे तरी गेलेच पाहिजेत असं माझ्या डोक्यात बसलंय, कुणी सांगितलं तेही आठवत नाही. तुमचे अनुभव सांगा ना, फसलेले आधी सांगितलेत तर जास्त बरं वाटेल :)

*

अगं ते जिभेने ढकलणं म्हणजे नावड नाही गं. इतके महिने फक्त चोखणंच माहितीये तिला, तोंडात काही घट्ट आलं की जीभ आपोआप पुढे येते. आम्हाला डॉक्टरांनी कॅलेंडरसोबत बाळाकडे पण बघायला सांगितलं होतं, मान नीट धरतं का, आधाराने बसतं का, आणि दिलेलं थोडं तरी आत राहतं का. माझ्या मुलाचं सगळंच बाहेर यायचं म्हणून आम्ही पाच-सहा दिवस नादच सोडला आणि परत सुरू केलं तेव्हा गिळायला लागला. तोवर दूध चालूच होतं, काही बिघडलं नाही.

*

माझं फसलेलं ऐका. घशात अडकेल या भीतीने मी सगळं पातळ करायचे, भाताची पेज, डाळीचं वरवरचं पाणी. वाटीभर प्यायची आणि मी खूश. आठव्या महिन्यात वजन जागचं हलेना तेव्हा डॉक्टरांनी डब्यातलं चमच्यात घ्यायला लावलं आणि चमचा तिरका केला, सगळं घळाघळा ओघळलं. म्हणाल्या यात पाणीच जास्त आहे, पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरतंय. चमच्यावर टिकेल इतकं घट्ट हवं. मग डाळ-भात एकत्र मऊ शिजवून चमच्याने घोटायचा, वर थोडं तेल किंवा लोणी, आणि वाटी अर्धीच. अर्धी वाटी बघून मला कसंतरीच व्हायचं पण वजन त्यावरच वाढलं.

*

बाबा लिहितोय, चालेल ना? संध्याकाळचं खाणं माझ्याकडे होतं. उकडलेल्या बटाट्याची बोटाएवढी फोड हातात दिली, त्याने कोपऱ्याचा लचका तोडला आणि एकदम चेहरा लाल, डोळ्यात पाणी, ऑक ऑक आवाज. मी बोट घालून काढायलाच निघालो होतो, बहीण नर्स आहे तिने हात धरला. म्हणाली, आवाज येतोय म्हणजे हवा जातेय, त्याचं त्याला काढू दे. दोन सेकंदांत तुकडा बाहेर, आणि पठ्ठ्या परत तोच उचलतोय! खरं घुसमटणं आवाज न करता होतं, तेव्हा खोकताही येत नाही आणि रडताही येत नाही. न दिसणारा तुकडा बोटाने काढायला गेलं तर उलट आत जातो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर 5 थापा आणि मग उताणं करून छातीवर 5 दाब, हे तिने बाहुलीवर आमच्याकडून करून घेतलं. वाचून जमत नाही, कुणाकडून तरी हाताने शिकून घ्या. आणि द्राक्ष उभं चिरूनच, चार तुकडे, अख्खं कधीच नाही. खाताना बाळाला एकटं सोडून फोन घ्यायला पण जायचं नाही.

*

मी उलट उशीर केला. बाळ गुटगुटीत, दूध भरपूर, कशाला घाई म्हणत साडेआठ महिने गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. जन्मताना आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार नसतं, हे मला तेव्हा कळलं. मग औषध, शिवाय डाळी, अंडं, बारीक केलेलं मटण आणि सोबत संत्र्याचा गर, म्हणजे लोह अंगी लागतं. फळांच्या प्युऱ्यांमध्ये रमू नका एवढंच सांगेन.

*

आमचं सात आठवडे आधी जन्मलेलं. सहा महिने झाले, खायला काय देता, हे प्रत्येक जण विचारायचं. डॉक्टरांनी सुधारित वय (म्हणजे जन्मापासून नाही, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) धरून आणि बाळाची तयारी बघून सांगितलं तेव्हा सुरू केलं. अशी बाळं असतील त्यांनी आपापल्या डॉक्टरांनाच विचारा, माझं वेळापत्रक उचलू नका.

*

सासूबाई आणि मीठ! त्यांनी बाळाचा भात चाखला आणि त्यांचे डोळेच भरून आले, काय गं हे अळणी, लेकरू खाईल कसं. भांडण करून उपयोग नव्हता, मग घरच्याच डाळीतून मीठ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढायचं काम त्यांनाच दिलं, आता त्याच सगळ्यांना सांगतात वर्षाच्या आत मीठ-साखर नको म्हणून. मधाच्या बाबतीत मात्र मी अजिबात ऐकलं नाही. त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळूनही मरत नाहीत, वर्ष होईपर्यंत चाटवायचा पण नाही.

*

केळं सुरू केल्यावर शी मध्ये काळे बारीक दोरे दिसले. रात्री अकरा वाजता डायपरचा फोटो डॉक्टरांना :D उत्तर आलं, "केळं दिलंत का?" ते केळ्याचेच असतात, जंत नाहीत.

*

अंडं आणि शेंगदाणा मी वर्षभर टाळलं, मलाच ॲलर्जी आहे म्हणून. दुसऱ्या बाळाच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या टाळून फायदा नाही. 2015 ला लीप नावाचा अभ्यास आला होता, ॲलर्जीचा धोका जास्त असलेली 640 बाळं होती, त्यात लवकर शेंगदाणा खाल्लेल्यांमध्ये ॲलर्जी 80 टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. दाणा अख्खा नाही हं, गुळगुळीत वाटून पातळ केलेला. बाळाला खूप एक्झिमा (त्वचेवर खाजरे, कोरडे चट्टे) असेल तर आधी विचारून. आणि नवीन काही द्यायचं ते सकाळीच, पित्त उठलं किंवा उलट्या झाल्या तर दवाखाना उघडा असतो.

*

जुळे आहेत. एकीने पहिल्या दिवशी चमचा ओढून घेतला, दुसरीने तीन आठवडे तोंड फिरवलं. हात तोच, वाटी तीच. त्यामुळे तुमचं काही चुकतंय असं मला तरी वाटत नाही.

*

धागा काढणारी मीच. आज डबा काढलाच नाही. तिला मांडीवर घेऊन मी माझं जेवत होते तर ताटातल्या उकडलेल्या बटाट्यात हात घातला, चुरला, कानाला फासला, मग मूठ तोंडात. किती पोटात गेलं देव जाणे, मी मोजलं नाही. मिटलेले ओठ मात्र आज दिसले नाहीत. फ्रीजरमधले भोपळ्याचे तारीखवार क्यूब नवरा सूपमध्ये घालून संपवतोय.