तळमजल्यावर बाल्कनी असते का?

प्रश्न: पुण्यात आईसाठी तळमजल्याचा फ्लॅट बघतोय. हॉलबाहेर दहा बाय बाराची शहाबादी फरशी, वर मोकळं आभाळ. बिल्डर तिला बाल्कनी म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर १: नाही. बाल्कनी वरच्या मजल्यावर, भिंतीबाहेर काढलेली, कठड्याची. जमिनीवरचा फरसबंद भाग म्हणजे पॅटिओ, आपलं अंगणच. २०१६च्या रेरा (बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्यानुसार बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, धरत नाहीत, तेव्हा आकडा नीट तपासा.

उत्तर २: आमचं अंगण शेवटी सोसायटीचं निघालं, फार मनस्ताप झाला. करार वाचाच. शिवाय फरशीवर तांब्याभर पाणी ओता. दाराकडे आलं तर पावसाळ्यात हॉलमध्ये शिरणार.

प्रश्नकर्ता: आज ओतलं. थेट उंबऱ्यापाशी आलं! आईची तुळस तिथंच ठेवायचीय, आधी उतार बदलून मागतो.