को-पे भरतो की, आधी रेफरल तर द्या

सातारकर हवालदार
काल इथंच 'रोखठोक' साहेबांनी लिहिलं, "अमेरिकेतसुद्धा सैनिक को-पे (दर उपचाराला खिशातून द्यायची रक्कम) भरतात, आपल्याकडं फौजींना सगळं फुकट. ईसीएचएसमध्येही, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतही, दर भेटीला पन्नास रुपये लावा." रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहितोय. लांबेल.

मी २०१९ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. तेव्हाच योजनेच्या वर्गणीचे ३० हजार कापून घेतले. सुभेदार असतो तर ६७ हजार, ऑफिसर असतो तर १ लाख २० हजार. योजनेच्या नावातच 'कॉन्ट्रिब्युटरी', म्हणजे वर्गणीची, आहे साहेब, पूर्ण नाव एकदा वाचा: एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम.

आता को-पे. पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा दवाखाना, माझ्या गावापासून ५५ किलोमीटर. मोठ्या हॉस्पिटलात जायची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, तिथूनच घ्यायची. मंडळीचं एसटीचं तिकीट अर्धं झालंय, तेवढीच सूट. चार गोळ्या लिहिल्या तर दोनवर 'एनए', म्हणजे औषध शिल्लक नाही. मागच्या वर्षी रात्री दोनला मंडळीच्या छातीत कळ आली. जवळचं मोठं हॉस्पिटल योजनेच्या यादीत नाही. यादी बघत बसायचं होतं का? अँजिओप्लास्टी झाली, बिल २ लाख १० हजार. दोन दिवसांच्या आत कळवलं, सगळे कागद दिले. अकरा महिन्यांनी सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरानं १ लाख १८ हजार आले. राहिलेले ९२ हजार म्हणजे काय? पन्नासच्या किती पावत्या होतात, तुम्हीच भागाकार करा.

रोखठोक
वहिनी बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. पण हिशोबच करायचा तर पूर्ण करू. माझ्या सासऱ्यांचा मेडिक्लेमचा हप्ता वर्षाला ६८ हजार आहे, वय ७१. तुम्ही ३० हजार एकदाच भरले, त्यात नवराबायको दोघं, आयुष्यभर. याला स्वस्त म्हणायचं नाही तर काय? आणि पन्नास रुपये कमाईसाठी नकोच आहेत. आमच्या सोसायटीतल्या एका कर्नलसाहेबांच्या कपाटात गोळ्यांचं दुकान आहे. फुकट मिळतं म्हणून आणायचं आणि तारीख उलटली की टाकायचं.

सातारकर हवालदार
कर्नलसाहेबांचा राग हवालदारावर काढू नका. त्यांना प्रायव्हेट रूम, मला जनरल वॉर्ड. आजारालाही रँक असते आमच्यात.

न्यू जर्सीची वहिनी
अमेरिकेचं नाव निघालं म्हणून बोलते. माझा मुलगा सहा वर्षं यूएस आर्मीत होता. 'सैनिक को-पे भरतात' हे अर्धवट आहे. नोकरीमुळे आलेलं अपंगत्व पन्नास टक्के किंवा जास्त ठरलं की को-पे शून्य. माझ्या मुलाचा शून्यच आहे. इतरांनाही नोकरीत झालेल्या दुखण्याच्या उपचाराला लागत नाही. इतर दुखण्यांसाठी, दहा टक्केही अपंगत्व नसलेल्या बऱ्याच जणांना साध्या डॉक्टरला १५ डॉलर, स्पेशालिस्टला ५०. पन्नास टक्क्यांखालच्या बऱ्याच जणांना एकेका औषधाला महिन्याला ५, ८ नाहीतर ११ डॉलर, आणि वर्षाला ७०० झाले की औषधांचं मीटर बंद. व्हीएला, म्हणजे तिकडच्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य सेवेला, मासिक हप्ता नाही. दाताचं मात्र विचारू नका, ते बहुतेकांना मिळत नाही. अर्धीच गोष्ट उचलून इकडं आणू नका, एवढंच.

बिलिंगवाला
दहा वर्षं यादीतल्या हॉस्पिटलमध्ये बिलिंग करतो, आता शिव्या खायला तयार आहे. सीजीएचएसचे २०१४ चे बरेचसे दर आम्ही २०२५ पर्यंत ओढले. दहा वर्षांत नर्सचा पगार तोच राहिला का? ऑक्टोबर २०२५ मध्ये सीजीएचएसनं दर सुधारले, पण सरकारकडची जुनी थकबाकी आहेच. एक पान वाकडं स्कॅन झालं की क्वेरी, उत्तर दिलं की कपात.

सातारकर हवालदार
आणि म्हणून काउंटरवर ईसीएचएसचं कार्ड दिसलं की 'बेड नाही'? मीच पाच मिनिटांनी भाच्याला रोख पैसे घेऊन पाठवला तर बेड होता. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही.

बिलिंगवाला
होतं असं. नाही म्हणणार नाही.

गडहिंग्लजची आई
तुम्ही कार्ड असलेले भांडताय. माझा मुलगा अग्निवीर, जानेवारी २०२३ च्या पहिल्या तुकडीतला. कायम ठेवायच्या पंचवीस टक्क्यांत आला तर ठीक, नाहीतर चार वर्षांनी ११.७१ लाख घेऊन घरी. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. ट्रेनिंगमध्ये गुडघा दुखावलाय. पस्तिशीत ऑपरेशन निघालं तर कुणाच्या दारात जायचं?

रोखठोक
ताई, चार वर्षांच्या नोकरीवर आयुष्यभर दवाखाना कुठं मिळतो? सही करताना अटी वाचल्या होत्या ना?

सातारकर हवालदार
जीभ सांभाळा. अठरा-वीस वर्षांचं पोरगं भरतीच्या मैदानात सोळाशे मीटर पळून आल्यावर अटी वाचत नसतं.

रोखठोक
मी नियम सांगितला. भावनेवर बजेट चालत नाही.

न्यू जर्सीची वहिनी
मग नियमच ऐका. तिकडं साधारण २४ महिने सलग नोकरी झाली की व्हीएकडे अर्ज करता येतो. चार वर्षं म्हणजे त्याच्या दुप्पट.

शॉर्ट सर्व्हिस, लाँग मेमरी
आम्हा शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच घेतलेल्या ऑफिसरांनाही, २०१९ पर्यंत ईसीएचएसच्या बाहेरच ठेवलं होतं. दहा वर्षं वर्दी घालून. तेव्हाही 'अटी वाचल्या होत्या ना' हेच ऐकलं. मग वर्गणी भरून आत घेतलंच. ताई, अग्निवीरांकडूनही वर्गणी घ्या आणि कार्ड द्या, हे मागत राहा. निदान नोकरीत झालेल्या दुखापतीपुरतं तरी.

गडहिंग्लजची आई
त्या ११.७१ लाखांतून कापून घ्या म्हणावं. माझी ना नाही.

रोखठोक
दुखापतीपुरतं असेल तर माझाही विरोध नाही. झालं समाधान? आणि हो हवालदारसाहेब, पन्नास रुपयेही मागे घेतो, तुम्ही ९२ हजार आगाऊ भरलेत. पण गोळ्यांच्या कपाटावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

सातारकर हवालदार
कपाट आमच्याही आळीत एक आहे, नाव विचारू नका. औषध पुढच्या महिन्यात 'एनए' होईल या भीतीनं माणूस साठवतो. थोडा हावरटपणाही असतो, मान्य.

सोमवारी मंडळीचं रेफरल घ्यायला जायचंय. साडेपाचची पहिली एसटी. रोखठोक साहेब, येताय का बरोबर? मी तिला घेऊन बाकावर बसतो, तुम्ही नंबर लावा.