ज्याच्याशी युद्ध, त्याचीच साक्ष कशी?

मापाड्याचा मुलगा

माझे वडील मापाडी होते. आडतीवर धान्याची पोती काट्यावर चढायची, वडील आकडा बघायचे आणि वहीत मांडायचे. सुट्टीत मी शेजारी बसून दुसऱ्या वहीत तोच आकडा उतरवायचो. पोत्यामागे दोन किलो कडता सगळेच कापायचे. बारदानाचं वजन वेगळं, हा त्याच्यावरचा. काटा शंभरावर थांबला की वहीत अठ्ठ्याण्णव. शेतकऱ्याला माहीत, हमालांना माहीत, पण बोलायचं कुणी नाही.

एका हंगामात वडिलांनी कडता लावणं सोडलं. पुढच्या हंगामात त्या आडतीवर त्यांना काम मिळालं नाही. कडता सोडण्याआधीचे दोन-तीन महिने मला नीट आठवतात. रात्री उठून ते ओट्यावर बसायचे. आई विचारायची, झोप येत नाही का? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग." एकादशीच्या भजनात ते हा अभंग हमखास घ्यायचे.

*रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन ॥*

तुकोबांनी इथे दोन्ही शत्रूंची नावं सरळ घेतली आहेत. बाहेर जग, आत मन. आणि हेच तुकोबा दुसरीकडे म्हणतात:

*सत्य असत्याशीं मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥*

खऱ्याखोट्याचा निवाडा करताना साक्षीला कोण, तर मन. मग ज्याच्याशी दिवसरात्र लढाई चालू आहे, त्याचीच साक्ष कशी धरायची?

माझं मत असं की आपण तो 'युद्ध' शब्द फार उचलून धरला. मनावर ताबा ठेव, मनाला आवर, हे ऐकतच मोठे झालो. पण वडिलांना अपरात्री ओट्यावर आणून बसवणारं मनच होतं. त्या सगळ्या बाजारात एकटं तेच खरं बोलत होतं. मनाशी लढा ही शिकवण मला निम्मी चूक वाटते. तुम्हाला काय वाटतं?

इंद्रायणीकाठ

रामकृष्णहरी. वडिलांना आधी दंडवत. पण दादा, अभंग तुम्ही अर्ध्यावर सोडलात. शेवटचं चरण घ्या: *तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें । अवघियांचें काळें केलें तोंड ॥* अवघियांचें म्हणजे जगाचंही आणि मनाचंही. मनाला त्यांनी वगळलेलं नाही.

आणि हे युद्ध शब्दापुरतं नव्हतं. १६३०च्या आसपासच्या दुष्काळाबद्दल त्यांनी स्वतः सांगितलंय: *दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥* पैसा गेला, पत गेली, डोळ्यांदेखत बायको गेली. अशा माणसाचं मन रात्री त्याला काय काय ऐकवत असेल! ते मन सोबती होतं असं म्हणणं म्हणजे त्यांचं दुःख हलकं करणं आहे.

साक्षीचं म्हणाल तर तुकोबा वाण्याच्या घरचे, दुकान चालवलेले. माल ठेवण्याआधी पारडी रिकामी करून काटा मध्यावर येतो का, हे बघितल्याशिवाय वजन करत नाहीत. हे तुमच्या घरात तर सगळ्यांना ठाऊक असेल. नामाने पारडी रिकामी झाली की मग मनाची साक्ष धरावी. त्याआधीचं मन म्हणजे खोटा काटा. *मन करा रे प्रसन्न* यातला 'करा' फार महत्त्वाचा आहे. मन आपोआप प्रसन्न होत नसतं, ते करावं लागतं. म्हणजे आधी युद्ध, मग साक्ष. क्रम मोडला की घोटाळा होतो.

खानदेशी लेक

मला हा 'आधी आणि मग'चा क्रमच पटत नाही. बहिणाबाई आठवा:

*मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर*
*किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर*

इथल्या 'फिरी येतं'वर सगळी ओळ उभी आहे. तिच्यात एकदा जिंकलं आणि झालं, असं काही नाही. असोद्याची ही बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रोज शेतात राबलेली. वढाय म्हणजे ओढाळ. ओढाळ गाय काय असते ते आमच्याकडे पाहिलेलं आहे. तिच्या गळ्यात लोढणं बांधायचे, लाकडाचा ओंडका, चालताना पुढच्या पायांवर आपटणारा. तरी ती ज्वारीत शिरायचीच. माझी आजी काठी उगारायची, पण मारायची नाही. म्हणायची, तिला काय ठाऊक पीक कोणाचं? तिला भूक ठाऊक.

म्हणून मला मन शत्रूही वाटत नाही आणि साक्षीदारही वाटत नाही. ते आपल्या गोठ्यातलं जनावर आहे. संध्याकाळी त्याला पाणी आपणच दाखवायचं असतं. दादा, तुमच्या बाबांना ओट्यावर बसवणारं मन खरं, आणि 'सगळेच कापतात' म्हणत इतकी वर्षं अठ्ठ्याण्णव लिहायला लावणारं? तेही त्यांचंच होतं ना?

बारा अक्षरं

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. या चर्चेत समर्थांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. तुकोबा आणि रामदास, दोघांचाही जन्म परंपरेने १६०८चाच मानतात. एकाच काळात दोघे मनाशी बोलत होते. मनाचे श्लोक २०५, आणि पहिल्याच उपदेशात मनाला हाक कशी आहे? *मना सज्जना भक्तिपंथेंचि जावें.* सज्जना! ज्याला सुधारायचं त्याला आधी सज्जन म्हणून हाक मारली आहे. शत्रूला कोणी अशी हाक मारत नाही. भुजंगप्रयाताची चाल म्हणून बघा, लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु. लहान मुलाचं बोट धरून चालवावं तशी ती चाल आहे. वर्गात पोरं नकळत त्या ठेक्यात डुलायची.

पण मापाड्याचा मुलगा, तुमच्या मूळ म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे. आतला आवाज म्हणजे खरा आवाज, हे गृहीतच धोक्याचं आहे. सख्ख्या भावाचा हिस्सा बळकावणाऱ्यालाही त्याचा आतला आवाज 'तुझंच बरोबर' म्हणत असतो. त्याला अडवणार कोण? म्हणून समर्थ बाहेरची कसोटी देतात: *जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें । जनीं वंद्य तें सर्व भावें करावें ॥* मनाच्या साक्षीला जनाचा ताळा हवाच.

निःशंक

सर, आदर राखून विचारतो, कुठल्या जनांचा ताळा? आमच्या आजोबांच्या गावात पाणवठ्यावर आमच्या माणसाची सावलीसुद्धा जनीं निंद्य होती. ज्यांनी घागर आडवली ते जनीं वंद्य. तिथे जनाचा ताळा धरला असता तर आजही आम्ही काठावर उभे असतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' काढलं, त्याच्या शिरावर तुकोबांच्याच ओळी होत्या: *काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥ नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजोन नव्हे हित ॥*

यातला भीड हा शब्द माझ्या मते या सगळ्या चर्चेची किल्ली आहे. भीड असते मनात, पण ती मनाची नसते. जगाने ती आणून ठेवलेली असते. पिढ्यानपिढ्या मान खाली घालायला लावली की शेवटी आतूनच आवाज येतो, बोलू नको, शोभत नाही. ऐकणाऱ्याला तो स्वतःचाच वाटतो. तुकोबा 'अंतर्बाह्य' म्हणाले ते मी असं वाचतो की आघाड्या दोन नाहीत. बाहेरचं जगच आत येऊन मनाच्या जागी बसलेलं असतं, आणि लढाई त्याच्याशी आहे. त्याला उठवल्यावर जे उरतं ते ग्वाही देतं. 'सगळेच कापतात' हा आवाज काकांचा नव्हताच, तो आडतीचा होता.

इंद्रायणीकाठ, तुमच्या पारड्याचा दृष्टान्त मला आवडला. पण पारड्यात आधीपासून काय पडलंय, तेही सांगा. फक्त काम-क्रोध नाही, भीडही आहे तिथे.

बारा अक्षरं

तुमचं म्हणणं लागलं आणि पटलंही. 'जन' म्हणजे गावकी नव्हे, सज्जनांचं मत, असा अर्थ मी वर्गात सांगत आलो. पण तो अर्थ सोयीचा आहे, हे मान्य करतो. ज्याला पाणी मिळालं नाही त्याला तो सांगता येत नाही.

तरी माझा मुद्दा सगळा सोडत नाही. कुठला आवाज आडतीचा आणि कुठला आपला, हे ओळखायचं कशाने? पुन्हा मनानेच ना? समर्थ एके ठिकाणी म्हणतात: *जगीं सर्व सूखी असा कोण आहे । विचारें मना तूंचि शोधूनि पाहें ॥* 'तूंचि' वर जोर आहे. आयतं उत्तर हाती न देता मनालाच शोधायला धाडलं. आपले वाद मिटणार नाहीत ते इथेच, शोधणारा तोच आणि ज्याची झडती घ्यायची तोही तोच.

इंद्रायणीकाठ

निःशंक, भीड पारड्यात आहे, कबूल. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, आणि घरी गेल्यावर काय होतं तेही मी पाहिलंय.

पण खानदेशी ताई, तुमचं जनावर मला फार गरीब वाटतं. त्याच कवितेत पुढे आहे: *मन जह्यरी जह्यरी, याचं न्यारं रे तंतर, आरे, इचू साप बरा, त्याले उतारे मंतर!* विंचवाच्या, सापाच्या विषाला उतारा आहे, मनाच्या विषाला नाही. हे गोठ्यातल्या गाईचं वर्णन आहे का? तुम्ही सोयीचं कडवं घेतलंत.

खानदेशी लेक

घेतलं, कारण ते माझ्या आजीचं आहे. पण तुम्ही म्हणता ते खरं, जहरी म्हटलंय. ते लपवायचं नाही मला.

तरी ती कविता शेवटाला जाते कुठे ते बघा. मन विंचू, मन पाखरू, मन खाकसचा दाणा, आणि *मन केवढं केवढं? आभायात बी मायेना.* मग ती देवालाच विचारते, *कुठे जागेपनी तूले असं सपनं पडलं!* जहर म्हणाली, पण तोंड काळं कर म्हणाली नाही. ती आश्चर्याने बघत राहिली. तिशीतच विधवा झालेली, लेकरं पदरात, आणि तरीही एवढं बघायला तिला फुरसत होती! मला तुकोबांच्या विजयापेक्षा हे बघणं जवळचं वाटतं. यात मी हलणार नाही.

नेवाशाकडचा

आजवर नुसतं वाचत होतो. 'आभायात बी मायेना' वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो: *हें मन कैसें केवढें । ऐसें पाहों म्हणों तरी न सांपडे ।* आणि पुढे, याला वावरायला त्रैलोक्य थोडं. १२९०ची ओवी आणि खानदेशातल्या जात्यावरची बाई एकच प्रश्न विचारतात, केवढं?

पण मला अर्जुनापेक्षा त्याला मिळालेलं उत्तर जास्त आवडतं. *कां जें यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके ।* मनाची एक गोष्ट चांगली आहे, एकदा गोडी लागली की ते तिथे सोकावतं. म्हणून त्याला अनुभवाचं सुख दाखवत जावं. सोकणं हा शब्द आपण कोणासाठी वापरतो? मांजर दुधाला सोकतं, ढोर पिकाला सोकतं. माउलींनी मनाचा तोच दोष धरून त्याचा उपाय केला. ताईंच्या गाईला लोढण्यापेक्षा चांगल्या कुरणाची सवय लावा, एवढंच म्हणतो. युद्ध आणि साक्ष, दोन्ही शब्द मला जरा मोठे वाटतात.

निःशंक

कुरण ज्यांच्या मालकीचं त्यांना सोपं आहे, दादा.

नेवाशाकडचा

हो. याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

मापाड्याचा मुलगा

सगळं दोनदा वाचलं. 'निम्मी चूक' मी अजूनही म्हणतो, पण कुठली निम्मी, ते आता तितकं ठामपणे सांगता येणार नाही. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, इतकी वर्षं अठ्ठ्याण्णव लिहिणारा हातही वडिलांचाच होता. आणि निःशंक, तुमचं भीडेचं वाचून त्या दिवशीची गोष्ट आठवली, जी मी पहिल्यांदा लिहिली नव्हती.

कडता असायचा तेव्हा वडील आकडा बोलायचे नाहीत. गुपचूप वहीत मांडायचे. त्या दिवशी पहिलं पोतं काट्यावर आलं, काटा थांबला, आणि ते मोठ्याने म्हणाले, "शंभर!" पलीकडे पोत्यावर बसलेला शेतकरी बिडी पेटवत होता. काडी तशीच धरून तो वळून बघत राहिला. हमालही थांबले.

आणि मी माझ्या वहीत अठ्ठ्याण्णव लिहून मोकळा झालो होतो. शंभर कानांनी ऐकलं होतं, तरी हाताने अठ्ठ्याण्णवच लिहिलं. मी तेव्हा बारा वर्षांचा. मला कोणी कडता लाव म्हणून सांगितलं नव्हतं.

वडिलांनी वाकून वही बघितली. रागावले नाहीत. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, अठ्ठ्याण्णववर आडवी रेघ मारली, वर शंभर लिहिलं आणि पेन्सिल परत माझ्या हातात दिली. दुसरं पोतं काट्यावर चढत होतं.