खोबऱ्याचा सुका कीस ओल्या नारळाच्या जागी कसा वापरावा?

तुळसवृंदावन (प्रश्न)

मी गेली चार वर्षे जर्मनीत, हॅनोव्हर येथे राहते. येथे अख्खा नारळ मिळतो. परंतु चारांपैकी दोन तरी आतून खवट किंवा पाणी आटलेले निघतात, म्हणून यंदा गणेश चतुर्थीला मी दुकानातील खोबऱ्याचा सुका कीस (येथे त्याला ‘कोकोसरास्पेल्न’ म्हणतात) आणून उकडीचे मोदक केले. प्रमाण आईचेच ठेवले होते: दोन वाट्या खोबरे, एक वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप आणि वेलदोड्याची पूड. गूळ नीट विरघळेना, म्हणून मी सारण आणखी दहा मिनिटे परतले. ते कढईत मोकळे दिसत होते, पण गार झाल्यावर त्याचे खडे झाले. उकड उत्तम जमली होती, कळ्याही चांगल्या आल्या होत्या. परंतु मोदक फोडल्यावर आतून वाळूसारखे कोरडे सारण घरंगळले. नैवेद्य दाखवताना मला फार वाईट वाटले.

त्यानंतर त्याच पाकिटातील कीस रवा-नारळाच्या केकमध्ये घातला, तर केक मधोमध भेगाळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भुगा होऊ लागला. पाकिटावर साखर किंवा अन्य काही घातल्याचा उल्लेख नाही. १०० ग्रॅममध्ये सुमारे ६५ ग्रॅम स्निग्धांश असल्याचे मात्र लिहिले आहे.

माझा प्रश्न असा, की ओल्या नारळाच्या जागी हा कीस वापरायचा असेल तर नेमके काय बदलावे? आणि कोणत्या पदार्थांत तो मुळीच वापरू नये? दिवाळीच्या करंज्या आणि सोलकढी या दोन्हींसाठी मला हे जाणून घ्यायचे आहे. येथे खोबऱ्याचे रुंद, पातळ पापुद्रेही मिळतात. त्यांचा काही उपयोग होतो का?

रवाळ

तुमच्या हातून चूक झालेली नाही. वाटीने वाटी मोजल्यामुळे हा घोटाळा झाला. ओल्या नारळाच्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते आणि सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश. कारखान्यात तयार होणाऱ्या किसासाठी खोबऱ्याची तपकिरी पाठ तासून काढतात, पांढरा गर किसतात आणि तो इतका वाळवतात की त्यात जेमतेम तीन टक्के ओलावा उरतो. म्हणजे तुमच्या दोन वाट्यांत खोबरे होते, पण नारळाच्या अंगचे पाणी नव्हते.

मोदकाच्या सारणात गूळ विरघळतो तो याच पाण्यात, आणि आपण सारण परततो तेही जास्तीचे पाणी आटावे म्हणून. तुमच्या कढईत आटवायला पाणीच नव्हते. गूळ तुपात कसाबसा वितळला, जास्त आच लागून त्याचा पाक पुढे गेला आणि गार होताच तो कडक झाला.

त्यामुळे कीस आधी भिजवावा. हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम सुक्या किसात ८० मिलिलिटर कडकडीत पाणी किंवा दूध घातले, की १८० ग्रॅम खोबरे तयार होते आणि त्यातील पाण्याचे प्रमाण ओल्या नारळाच्या अगदी जवळ जाते. पाणी सगळीकडे शिंपडून हाताने कालवावे आणि अर्धा तास घट्ट झाकून ठेवावे. मुठीत दाबल्यावर त्याचा मुटका झाला पाहिजे. मात्र बोटांतून पाणी गळता कामा नये. मग ते मिक्सरमधून एकदाच, अगदी क्षणभर फिरवावे, म्हणजे किसाचा ताठपणा मोडतो. या १८० ग्रॅमला १२० ग्रॅम गूळ पुरतो. सारण कढईच्या कडा सोडू लागण्याच्या जरा आधीच, ओलसर दिसत असताना उतरवावे, कारण गार होताना ते आणखी आळते.

केकचे कारण याच्या उलट आहे. तेथे कोरडा कीस मिश्रणातील दूध आणि अंड्यांचा ओलावा ओढून घेतो, शिवाय रवाही फुगत असतो, त्यामुळे दोघांच्या ओढाताणीत केक कोरडा पडतो. किसाला आणि रव्याला आधी दुधात किंवा नारळाच्या दुधात निदान तासभर मुरू द्यावे. गोव्यातील ‘बाथ’ या रवा-नारळाच्या केकचे मिश्रण अनेक घरांत रात्रभर मुरवतात, ते याचसाठी. मी स्वतः २५० ग्रॅम बारीक रवा आणि १५० ग्रॅम कीस नारळाच्या दुधात रात्रभर ठेवते आणि सकाळी लोणी, साखर व अंडी फेटून त्यात मिसळते. १८० अंशांवर साधारण पाऊण तासात केक होतो आणि चौथ्या दिवशीही मऊ राहतो.

मात्र कीस कोरडाच हवा, असेही पदार्थ आहेत. तुमच्याकडे नाताळात ‘कोकोसमाक्रोनेन’ करतात, त्यांत चार अंड्यांचा पांढरा बलक, २०० ग्रॅम साखर आणि तितकाच कीस एवढेच मुख्यतः असते. तेथे ओला नारळ घातला तर फेटलेला बलक बसतो आणि बिस्किटे ट्रेवर पसरतात.

माडबन

वरील प्रतिसादातील हिशेब अगदी योग्य आहे, पण एका गोष्टीला माझी हरकत आहे. गुळाच्या सारणासाठी कीस दुधात भिजवू नये. गुळाच्या संगतीत गरम दूध फाटण्याचा संभव असतो आणि मग सारणात बारीक गुठळ्या येतात. साखरेच्या वड्यांना दूध चालते, किंबहुना शोभते. गुळाला मात्र पाणी किंवा नारळाचे दूधच घ्यावे. मी रत्नागिरीची आहे, आणि आमच्याकडे मोदकांत, पातोळ्यांत आणि खांडवीवर पेरायला ओल्या नारळाचा चवच (ताजे खोवलेले खोबरे) लागतो, त्यामुळे हे मी थोड्या आग्रहाने लिहीत आहे.

भारतीय किराणा दुकानाच्या शीतकपाटात गोठवलेला खोवलेला नारळ मिळत असेल, तर मोदकांसाठी तोच घ्यावा. त्यात पाणी मुळातले असते, आणि चावताना येणारा रस भिजवलेल्या किसात कधीही तितका येत नाही. तो पूर्ण वितळवून, सुटलेल्या पाण्यासकट कढईत टाकावा. अनेक जण ते पाणी पिळून टाकतात आणि गोडवा त्याच्याबरोबर जातो.

सोलकढी सुक्या किसाची होते, पण पाणी गरम हवे. खोबऱ्यातील तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. तुमच्याकडे थंडीत नळाचे पाणी त्याहून बरेच गार असते, त्यात कीस वाटला तर स्निग्धांश चोथ्यातच राहतो आणि हाती पांढरट पाणी येते. एक वाटी किसावर दोन वाट्या चांगले गरम पाणी ओतावे, वीस मिनिटे थांबावे, मिक्सरमध्ये दोन मिनिटे वाटावे आणि पातळ सुती कापडातून घट्ट पिळावे. उरलेल्या चोथ्यात पुन्हा वाटीभर गरम पाणी घालून दुसरा रस काढावा. रस पूर्ण निवल्यावरच कोकमाचे आगळ, मीठ, लसूण आणि मिरची घालावी. फ्रिजमध्ये ठेवल्यास वर साय धरल्यासारखा पांढरा थर येतो. तो गोठलेल्या तेलाचा असतो. कढी बिघडलेली नसते. अर्धा तास बाहेर ठेवून ढवळली की पूर्ववत होते.

एक सूचना अजून: काही पाकिटांवर ‘कमी स्निग्धांश’ असे लिहिलेले असते. त्या खोबऱ्यातील दूध आधीच काढून घेतलेले असते. त्याची सोलकढी होणार नाही.

चुलीपाशी

करंजीबद्दल लिहितो, कारण तेथे तुमचा कीस फारसा न बदलता चालेल. आमच्याकडे दिवाळीच्या करंजीत सुके खोबरे, भाजलेली खसखस, थोडा भाजलेला रवा आणि पिठीसाखर असते. ओलावा नसल्यामुळेच त्या करंज्या पंधरा दिवस टिकतात. भिजवलेला कीस तेथे चुकूनही घेऊ नये. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आंबूस लागेल आणि करंज्यांचे आवरण मऊ पडेल.

फरक एवढाच, की वाटीचे खोबरे किसले तर त्याला तपकिरी पाठीचा आणि तेलाचा एक खमंग वास असतो, जो पाकिटातील पांढऱ्या किसाला नसतो. तो थोडाफार भरून काढण्यासाठी कीस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत भाजावा. आरंभी तीन-चार मिनिटे काहीच घडत नाही, आणि मग कडेचे कण एकदम बदामी होतात. त्याच क्षणी तो परातीत काढावा. कढईत ठेवला तर आच बंद केल्यानंतरही करपतो.

मात्र खानदेशी काळ्या मसाल्याला हा कीस अजिबात घेऊ नये. त्यासाठी खोबऱ्याची अख्खी वाटी आचेवर धरतात. पाठ काळी पडते, आतून तेल सुटून चुरचुरते आणि त्या धुराचा वास मसाल्याला लागतो. बारीक कीस आचेवर धरता येत नाही, कढईत तितका काळा केला तर नुसता कडू होतो. वाटी मिळत नसेल, तर मी तीळ आणि थोडे भाजलेले शेंगदाणे घेऊन वाटण दाट करतो. चव वेगळी होते, पण रस्सा अंगाबरोबर येतो.

रुंद पापुद्र्यांचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे पातळ पोह्यांचा चिवडा. आपण खोबऱ्याचे काप घालतो, त्यांच्या जागी ते थेट चालतात. परंतु ते आपल्या कापांपेक्षा पातळ असतात, म्हणून शेंगदाण्यांबरोबर तळू नयेत. शेवटी वेगळे, कोमटसर तेलात सोडावे आणि रंग बदलू लागताच उपसावे. साखर लावलेले पापुद्रेही विकतात, ते तळणीत लगेच काळे पडतात.

तुळसवृंदावन

तिघांचे मनापासून आभार. काल संकष्टी होती, म्हणून पुन्हा मोदक केले. १०० ग्रॅम किसाला ८० मिलिलिटर गरम पाणी, माडबन यांच्या सांगण्याप्रमाणे दूध न घालता. अर्ध्या तासाने मुठीत खरोखरच मुटका झाला. गूळ घातल्यावर कढईत पाणी सुटले आणि तो आवाज ऐकूनच मला धीर आला. सारण सहा मिनिटांत उतरवले. आईच्या मोदकांसारखा रस नव्हता, हे खरे. पण खडे झाले नाहीत, आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीने तीन मोदक संपवले.

आता एक शेवटची शंका. किलोभराचे पाकीट उघडले आहे आणि दिवाळीला अजून अवकाश आहे. कपाटात ठेवलेल्या जुन्या पाकिटातील किसाला साबणासारखा वास येत होता. तो वापरता येतो का?

रवाळ

तो टाकून द्यावा. खोबऱ्याचे तेल ओलाव्यामुळे फुटू लागले, की तोच साबणी वास येतो आणि भाजल्यानेही तो जात नाही. एका चमच्याने सगळे सारण बिघडते. नवीन पाकिटातील कीस कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, नाहीतर हवेतील बाष्प थंड किसावर धरते. करंज्यांसाठी लागेल तेवढा आधीच एका लहान डब्यात वेगळा काढून ठेवला, तर मोठा डबा वारंवार बाहेर काढावा लागणार नाही.